जायबंदी खेळाडूचे पुढे काय?

चैत्र लागला की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गावोगावच्या यात्रा सुरू होतात. सकाळी बैलगाडे, दुपारी कुस्त्यांचा आखाडा, रात्री तमाशा, हा क्रम जुना आहे. आखाड्यात आधी पोरासोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या होतात. मग इनामाचा आकडा वाढत जातो आणि दिवस मावळायच्या सुमारास शेवटची मोठी कुस्ती लागते. समोरचा चीतपट झाला की जिंकलेला मल्ल लोकांच्या खांद्यावर! फेटा, नारळ, नोटा, हलगीचा कडकडाट. अशाच एका आखाड्यात खांदा निखळलेला एक पोरगा दुसऱ्या हाताने आपला हात सांभाळत गर्दीतून वाट काढत बाहेर गेला. कोणी त्याच्याकडे पाहिले नाही. आम्हीही दोन क्षणच पाहिले आणि पुन्हा आखाड्याकडे मान वळवली, हे कबूल करतो.

त्या पोराचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र मनातून जाईना. म्हणून हा लेख.

आपल्या वस्त्यांमध्ये खेळ ही हौस राहिलेली नाही. ती पोटाची वाट झाली आहे. भल्या पहाटे नारायणगाव, मंचर, घोडेगाव या बाजूंच्या रस्त्यांवर पाहा. अंधारात पोरे-पोरी धावत असतात. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी सैन्यासाठी. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी वरच्या पातळीवरच्या स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते. घरात जमीन नाही, वडील मजुरीला, आई दुसऱ्याच्या रानात कांदे काढायला. अशा घरात पोराचे दोन पाय हीच इस्टेट असते. त्या इस्टेटीला तडा गेला तर?

जुन्नर तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही गेलो होतो. गावाचे आणि मुलाचे नाव देत नाही, त्याचीच तशी इच्छा आहे. कबड्डीत तो डाव्या कोपऱ्याचा खेळाडू. घोट्याची पकड अशी, की चढाईला आलेला गडी रेषेकडे वळायच्या आत खाली. जिल्ह्याच्या संघापर्यंत पोचला होता. राज्य स्पर्धेच्या निवडीला तीन आठवडे असताना एका गावच्या सामन्यात मॅटवर त्याचा बूट रुतल्यासारखा जागीच राहिला आणि अंग मात्र फिरले. गुडघ्यातून आवाज आला. “काका, लाकूड मोडल्यागत,” तो म्हणाला. “दुखण्याआधी मला आवाज ऐकू आला.”

पहिले आठ दिवस गुडघा चोळण्यात गेले. कोणी म्हणाले जागेवर बसवून देतो, कोणी लेप दिला. सूज उतरली, तो पुन्हा मैदानावर उतरला आणि दुसऱ्या दिवशी चालताना पाय लटकन निघाला. मग पुण्याला जाऊन एमआरआय. गुडघ्यातले मधले लिगामेंट पूर्ण तुटलेले.

येथे थोडे थांबून गुडघ्याविषयी सांगणे भाग आहे, कारण हीच चूक घरोघर होते. गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना बांधून ठेवणारा एक आडवा-तिरका दोर असतो. पाय जमिनीला धरून राहिला आणि शरीर वळले तर तो तुटतो. कबड्डी, फुटबॉल, कुस्ती या खेळांत हे फार होते, आणि मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त होते. पूर्ण तुटलेला दोर चोळून जुळत नाही. सूज उतरली म्हणजे बरे झाले असेही नाही. सूज लगेच चढली, गुडघ्यातून आवाज आला, चालताना पाय निसटतो असे वाटले, यातले काहीही असेल तर पहिल्या दिवशी बर्फ, घट्ट पट्टी, पाय उशीवर उंच आणि हाडांच्या डॉक्टरकडे धाव. चोळणाऱ्याकडे नको. शस्त्रक्रिया झाली तरी निम्मे काम पुढच्या व्यायामाचे असते आणि नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्याचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच मोठा असतो. आपल्याकडे तिसऱ्या महिन्यात विचारतात, “अजून बराच नाही झालास का?”

आंबेगाव तालुक्यातल्या एका मुलीचे दुखणे वेगळे. ती भरतीसाठी रोज डांबरी रस्त्यावर धावायची, तेही पातळ तळव्याच्या बुटात. नडगी दुखायची, ती बाम लावून धावायची. शेवटी नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. अचानक वाढवलेले धावणे आणि अपुरे जेवण, ही जोडी हाडाला महागात पडते. धावणाऱ्या मुलीच्या ताटात भाकरीबरोबर अंडे, डाळ, शेंगदाणे, नाचणी, दूध यांतले काही ना काही रोज असायला हवे आणि झोप पुरी हवी. पोराच्या ताटात अंडे पडते, पोरीला “तुला काय कुस्ती खेळायचीय?” असे ऐकावे लागते. आयांनो, हे आपल्याच घरात चालते. या मुलीची ती भरती हुकली. पुढच्या वेळी ती पुन्हा उभी राहणार आहे. तोवर मैत्रिणींचे धावणे मोबाईलच्या घड्याळावर मोजून वहीत लिहिते. वही आम्ही पाहिली. आठ जणींचे आकडे, शेजारी शेरा. एकीपुढे लिहिले होते, “जेवली नाही.”

आता एका मोठ्या माणसाची गोष्ट. सांगली जिल्ह्यात इस्लामपूरजवळच्या पेठ गावी १९४४ साली जन्मलेले मुरलीकांत पेटकर. लहान वयात सैन्यात गेले. ईएमई या तांत्रिक दलात कारागीर जवान, आणि नाव कमावले मुष्टियोद्धा म्हणून. १९६४ साली टोकियोला झालेल्या सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते खेळले. पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झाले. काश्मीर आघाडीवर त्यांच्या अंगात अनेक गोळ्या शिरल्या, त्यांतली एक पाठीच्या कण्यात अडकली. कमरेखालचे शरीर लुळे पडले. वय अवघे वीस.

मुष्टियुद्धात सगळा खेळ पायांवर असतो. ठोसा हाताने मारतात, पण त्याची ताकद तळपायातून येते. म्हणजे गोळीने त्यांचा खेळच नेला. मुंबईच्या नौदल रुग्णालयात, अश्विनीत, ते दीर्घकाळ होते. तेथे उपचार म्हणून पाण्यात उतरणे सुरू झाले. पाण्यात शरीराचे वजन पाणी पेलते, पाय साथ देत नसले तरी खांदे आणि दंड माणसाला पुढे नेतात. आणि खांदे तर मुष्टियोद्ध्याचे होते!

हे एका दिवसात झालेले नाही. १९६८ साली इस्राएलमधील तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला ते गेले ते टेबल टेनिस खेळायला. पदक मिळाले नाही. १९७० साली एडिंबरोला राष्ट्रकुलातील अपंग खेळाडूंच्या स्पर्धेत पोहण्यात सुवर्ण मिळाले. आणि १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्त शैलीत त्यांनी ३७.३३ सेकंदांची वेळ दिली. जागतिक विक्रम, आणि पॅरालिम्पिकमधले भारताचे पहिले सुवर्णपदक. ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवायला भारताला अभिनव बिंद्रापर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत, थांबावे लागले.

येथपर्यंतची गोष्ट आता बहुतेकांना माहीत आहे. २०२४ साली ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आला. टाळ्या पडल्या. पण आम्हाला यातला सर्वांत मोठा भाग वाटतो तो चित्रपटात फारसा न मावणारा. १९७२ नंतरचा. पदक घेऊन आले आणि पुण्यात टेल्को कंपनीत नोकरीला लागले. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील, चुलते शिफ्ट करून गेले. त्याच भोंग्यावर चालणाऱ्या दुनियेत हा जागतिक विक्रमवीर वर्षानुवर्षे कामाला जात होता. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ साली. अर्जुन पुरस्कार, जीवनगौरव म्हणून, जानेवारी २०२५ मध्ये. सुवर्णपदकापासून मोजले तर बावन्न वर्षे.

बावन्न वर्षे कोणी टाळी वाजवत नसताना माणूस कशावर उभा राहतो? पदकावर नक्कीच नाही. पदक ट्रंकेत असते. सकाळी उठून, कुबड्या घेऊन, बसायचे असते ते कामावर जाणाऱ्या गाडीत. जिंकण्याचा दिवस एकच होता, बाकीचे सगळे दिवस साधे होते, आणि तेच निभवायला कठीण होते.

ज्या पॅरालिम्पिकमध्ये पेटकर जिंकले, ती स्पर्धा कोणी सुरू केली हेही आपल्या वाचकांनी जाणून घ्यावे. लुडविग गुटमन हे जर्मनीतले मेंदू व मज्जासंस्थेचे डॉक्टर. जातीने नव्हे, धर्माने ज्यू; पण हिटलरच्या राज्यात ती जन्माला चिकटलेली जातच झाली होती. ज्यू नसलेल्या रुग्णांना हात लावायलाही त्यांना बंदी झाली. १९३९ साली ते इंग्लंडला पळून गेले. १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथे कणा मोडलेल्या सैनिकांसाठी त्यांनी विभाग उघडला. तोवर अशा रुग्णाला अंथरुणात ठेवून मरणाची वाट पाहत. अंथरुणाला खिळून पाठीला जखमा होत, लघवीचा संसर्ग होई आणि माणूस संपे. गुटमन यांनी काय केले? दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदला, रात्रीसुद्धा. एवढी साधी गोष्ट! आणि बसता येऊ लागताच हातात चेंडू द्या, धनुष्य द्या. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्च्यांतल्या सोळा जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. १९६० साली रोमला त्याचेच पॅरालिम्पिक झाले. स्वतःच्या देशाने हाकललेल्या माणसाने, जगाने टाकून दिलेल्या माणसांसाठी केलेले हे काम आहे.

कूस बदलण्याची ही गोष्ट घरी लिहून ठेवावी अशी आहे. झाडावरून, विहिरीत, मोटारसायकलवरून पडून कणा मोडलेली माणसे आपल्या गावांतही आहेत. आणि आखाड्यातल्या पंचांना, तालमीच्या वस्तादांना हात जोडून सांगणे की मल्ल मानेवर पडला आणि हातपाय हलवत नसला, तर त्याला ओढून उठवू नका, पाणी मारून बसवू नका. डोके आणि मान सरळ रेषेत धरून ठेवा, फळीवर घ्या, १०८ ला फोन करा. उचलण्याच्या घाईतही कणा जाऊ शकतो.

पुण्याजवळ खडकीला जायबंदी सैनिकांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मान मोडलेले जवान तेथे तोंडात ब्रश धरून चित्रे काढतात, खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळतात. आपल्या कितीतरी घरांतून महार रेजिमेंटमध्ये जवान गेले आहेत, त्यांनी मुलांना घेऊन ते एकदा पाहून यावे. मात्र सैनिकाच्या मागे सैन्य असते. कबड्डीच्या कोपरारक्षकाच्या मागे कोण असते?

खाशाबा जाधवांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या प्रवासाच्या पैशासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले होते. पण १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला खाशाबा का गेले नाहीत? गुडघा. तोच गुडघा! दुर्बिणीची शस्त्रक्रिया तेव्हा कुठली? १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले होते, पुढची हयात त्यांनी खात्यात काढली. ऑलिम्पिक पदकविजेत्या मल्लाने फौजदाराची नोकरी तितक्याच इमानाने करणे यात कमीपणा कोणता?

अलीकडचे उदाहरण आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांचे. शाळकरी वयात पडून डावा हात मोडला, जखम चिघळली, हात कायमचा अधू झाला. इंजिनियर झाले. आधी भाला फेकायचे, खांदा दुखावला म्हणून गोळ्याकडे वळले. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. खांदा दुखावला नसता तर गोळा हातात आलाच नसता, असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तो टाळतो. “होते ते चांगल्यासाठी” हे वाक्य दुसऱ्याच्या दुखण्यावर फेकायला फार सोपे आहे. गुडघा तुटणे चांगल्यासाठी नसते. ते वाईटच असते. खिलारी यांच्याबाबत आम्हाला आवडते ते निराळेच: ते स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. गोळा एक दिवस थांबेल, शिकवणे थांबणार नाही, अशी त्यांनी आधीच सोय करून ठेवली आहे.

हे झाले ज्यांची नावे छापून आली त्यांचे. जुन्नरचा आमचा पोरगा शस्त्रक्रियेनंतर चार महिने घरात भिंतीकडे तोंड करून होता. आई सांगत होती, “जेवायचा, पण बोलायचा नाही. ह्याच्या बापाने एकदा म्हटलं, खेळत बसलास म्हणून असं झालं. त्यावर आठ दिवस दोघं बोलले नाहीत.” बापही काही वाईट माणूस नाही. उसने पैसे त्यानेच आणले होते. धास्तीपोटी माणूस असे बोलतो. पण जायबंदी पोराला हे वाक्य गोळीसारखे लागते, बापांनी एवढे ध्यानात ठेवावे. गप्प झालेला, झोप उडालेला, “माझा उपयोग काय” असे बोलणारा मुलगा घरात असेल तर त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरला तेही सांगा. गुडघ्याइतकेच ते खरे दुखणे आहे.

आणखी एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. जिल्ह्यात निवड झाली तेव्हा या पोराचे तीन बॅनर लागले होते. त्यांवर पोरापेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे. दवाखान्याच्या बिलाच्या वेळी त्या फोटोंतला एकही चेहरा दिसला नाही. गावोगावच्या स्पर्धांची बक्षिसे लाखांत गेली आहेत. त्यातून खेळाडूंचा विमा उतरवावा आणि मैदानाशेजारी एक रुग्णवाहिका उभी करावी, हे आयोजकांना जड नाही. रुग्णालयात गेल्यावर आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले योजनेत उपचार बसतो का ते आधी विचारावे. कर्ज काढून झाल्यावर विचारून उपयोग नसतो. कायमचे अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर प्रमाणपत्र काढून घ्यावे. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत अशांसाठी ४ टक्के जागा आहेत. लाज वाटून कागद न काढणारे आपले लोक आम्ही पाहिले आहेत.

पोराला बाहेर काढले ते वस्तीतल्या मुलींनी. शाळेच्या संघासाठी त्यांना सराव हवा होता, शिकवणारे कोणी नव्हते. त्या रोज दारात येऊन उभ्या राहायच्या, “दादा, नुसतं बसून सांग.” आठवडाभर त्याने हाकलले. मग एक दिवस प्लास्टिकची खुर्ची घेऊन बुद्धविहाराच्या अंगणात जाऊन बसला. आधी तोंडाने सांगायचा. मग व्यायाम वाढला. घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा. सहाव्या महिन्यात लेण्याद्रीच्या पायऱ्या चढायला लागला. जुन्नरच्या डोंगरांतली ही लेणी राजांनीच कोरून घेतली असे पुष्कळांना वाटते. पण येथल्या शिलालेखांत बुरूडकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या, धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणींची दाने नोंदलेली आहेत. कष्टकऱ्यांनी घडवलेली जागा ती. पहिल्या दिवशी हा चाळीस पायऱ्यांवर बसला. वर पोचायला त्याला एकोणीस दिवस लागले. उतरणे चढण्यापेक्षा अवघड असते, हेही तेव्हाच कळले म्हणाला.

तो पुन्हा मैदानात उतरला का? उतरला. एक सामना खेळला आणि त्याला कळले की पकडीला झेपावताना मन क्षणभर मागे ओढते. त्या एका क्षणात गडी निसटतो. त्याने स्वतःच थांबायचे ठरवले. आता सकाळी नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट मोजण्याचे काम करतो, संध्याकाळी अकरा मुलींना शिकवतो, आणि कबड्डीच्या पंच परीक्षेची तयारी चालू आहे.

“मग आता बरं वाटतं का?” आम्ही विचारले.

“काही दिवस वाटतं,” तो म्हणाला. “टीव्हीवर प्रो कबड्डी लागली की मी अजून उठून बाहेर जातो.”

आम्ही गेलो त्या संध्याकाळी विहाराच्या अंगणात चुन्याची रेघ पावसाने पुसली होती. तो फक्कीचा डबा घेऊन वाकला, गुडघा पुरता दुमडत नाही म्हणून एक पाय लांब टाकून, आणि रेघ ओढत गेला. मुली ओरडत होत्या, “दादा, वाकडी गेली!” पहिल्या चढाईला एक लहानखुरी, दोन वेण्यांची मुलगी गेली. कोपऱ्यावरच्या मुलीने घोटा धरला, पण गुडघा आत वळवून. त्याने तिथल्या तिथे शिट्टी मारली. सगळ्या थांबल्या. तो उठला, तिच्यापर्यंत चालत गेला, तिचा गुडघा दोन्ही हातांनी धरून बोटांच्या रेषेत आणला आणि म्हणाला, “असा. पुन्हा धर.”

तिने पुन्हा धरला. शेवटच्या एसटीची वेळ झाली म्हणून आम्ही निघालो, तेव्हा तिचे सातवे की आठवे धरणे चालू होते.